घोंगडीचा दरारा

परभणीहून सुटलेल्या ताडकळसच्या एसटीत कमलबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली, अन् पुढच्या बाकावरच्या मायलेकाकडं त्यांचे कान आपसूक लागले.

“काय काय घेतलंस, मुंजा?”

“कॉम्प्युटर उघडायचा पेचकस हाय, माय. अन् ह्यो आतली धूळ झाडायचा बुरुश.”

“अन् तुज्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात खाली अंथरायला? ही घोंगडी घे. माज्या हातानं लोकर कातलीय.”

“नगं. लोकर चालत न्हाई तिथं.”

“का? मेंढरं राखणाऱ्याचा ल्योक म्हनून घ्यायची लाज वाटायलीय व्हय?”

“तसं न्हाई गं! थंडीत घोंगडी झटकली की चटचट ठिणग्या उडत्यात ना? तसली एक जरी लागली, तरी आतलं सामान जळून जातंय. कॉम्प्युटरला हात लावायच्या आदी लोखंडाला हात लावा, म्हंजे अंगातली ठिणगी तिथंच उतरती, असं शिकवलंय आमाला.”

“म्हंजे एवढं हुशार मशीन आपल्या घोंगडीला भितंय?”

“लय भितंय.”

म्हातारी खुदकन हसली. मांडीवरची घोंगडी उलगडून तिनं ऐटीत खांद्यावर टाकली.

“मग ऱ्हाऊ दे माज्यापाशीच. तुजं मशीन लय माजलं, की मला बोलावणं धाड.”