श्रद्धांजली वाहून सभा तहकूब

मंडळी, कीर्तनाला बसलात, तर ऐका! माणूस गेला की आपण हळहळतो — पण तो जायच्या आधी आपण कुठे असतो? पेटीवाले, नुसती मान हलवू नका, तुम्हालाही विचारतोय!

आपल्या नाल्यापलीकडचा नगरसेवक निनाद बिडकर. इडलीचं पीठ पाकिटात भरून विकायचा. धंदा असा, की माल पोचायला उशीर झाला तर पीठ आंबून पाकीट फुगतं! म्हणून उशीर म्हणजे काय, हे पोराला कळायचं. नगरसेवकाला ते कळणं फार वाईट हो!

कमलआत्यानं वाढवलेलं पोर. आत्या रोज नाल्यावरचा पूल ओलांडून याच देवळात यायची. पुलाला कठडा नाही. निनाद निवडणुकीला उभा राहिला तशी म्हणाली, "तेवढा कठडा कर रे बाबा. बाकी काही नाही केलंस तरी चालेल!"

आला निवडून! महापालिकेत कठड्याचा ठराव दिला. सभेच्या दिवशी कोरा सदरा घालून बसला — आणि ज्येष्ठ सदस्य दामूअण्णा उठले. "माजी सभापती निवर्तले. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करावी." दोन मिनिटं शांतता — की सगळे घरी! पुढच्या सभेच्या आधी एक गायक वारले. त्यापुढच्या सभेच्या वेळी कुणीच मरेना — तर अण्णांनी कुणाचे तरी परगावी वारलेले व्याही काढले!

"निनाद, अनुमोदन तू दे. नवीन आहेस, नजरेत येशील."

काय करणार? मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दिलं अनुमोदन!

मग श्रावणातला सोमवार. नाला भरून चाललेला. आत्या बेल घेऊन निघाली. लोक धावले तेव्हा पुलावर बेलाची पानं होती — आत्या नव्हती.

सभा आली. पहिलाच विषय कठड्याचा! निनाद उठणार, तोच दामूअण्णा उभे. डोळ्यांत पाणी — खरं हो, खोटं नव्हे! "आपल्या निनादच्या आत्या..."

"अण्णा, आज नको! आधी कठडा मंजूर करा. तिला तेवढंच हवं होतं!"

"अरे, सख्खी आत्या ना तुझी? लोक काय म्हणतील?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "धंदेवाईक पोरगं. घरच्या मरणातही काम उरकून घेतंय."

सभागृह उभं राहिलं. निनाद एकटा खुर्चीत. बसून राहावं, तर आत्याचा अपमान. उठावं, तर कठडा गेला! सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर... हळूहळू उठला बिचारा. दोन मिनिटं. सभा तहकूब!

अण्णांवर चिडलात? मग तुम्ही आज कुठून आलात हो? त्याच पुलावरून! एकमेकांचे हात धरून आलात — आणि अलीकडे पोचताच सोडलेत! महापालिकेच्या दारात एक तरी गेलात?

आताच उत्सव समितीचे अध्यक्ष कानात सांगून गेले — "बुवा, शेवटी आत्यांसाठी दोन मिनिटं उभं राहू." मी म्हणतो, उभे राहू नका! बसा. उद्या सकाळी निनादबरोबर कोण जाणार, ते आधी बोला. आहे कुणी?

अहो... अहो, बसा! ऐका तरी!

उठलेच सगळे. माना खाली, हात जोडलेले. खांबाजवळ एक निनाद तेवढा बसलाय.