दहापैकी एक

(कर्करोग विभागाच्या टोकाची खोली. दारावर ‘सुगंधी तेल संशोधन’ अशी पाटी. सकाळ. संशोधनाचे प्रमुख डॉक्टर, वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या सिस्टर आणि केमो चालू असलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई.)

डॉक्टर : या बाई, या. आत्ताच तुमचं नाव काढलं होतं. शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला.

बाई : एवढं नको. दोन मिनिटांचं काम आहे. ही तेलाची बाटली परत, आणि हा कागद.

डॉक्टर : अभिप्राय? तोही न मागता? सिस्टर, याला म्हणतात पेशंट. हा फाईलला लावतो. उद्या परिषदेत वाचून दाखवीन.

बाई : दाखवू नका. आधी वाचा.

डॉक्टर : वाचतो हो सवडीने. आधी हा आलेख बघा. ही रेघ खाली उतरत गेलेली दिसते ना? दर आठवड्याची सरासरी : सात, पाच, तीन, एक, एक. ही तुम्ही.

बाई : मीच दिसते. अशीच उतरत गेले.

डॉक्टर : केमोनंतरची मळमळ, सातावरून थेट एकावर. रुमालावर पुदिन्याच्या तेलाचे चार थेंब, सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, बस. चाळीस पेशंटांत तुमच्या तोडीचा रिझल्ट कुणाचा नाही. उद्या पडद्यावर पहिलं चित्र तुमचंच.

सिस्टर : डॉक्टर, चित्र राहू दे, चेहरा बघा त्यांचा. चार किलोंनी तरी उतरल्यात.

डॉक्टर : केमोत वजन उतरतंच, सिस्टर.

सिस्टर : पोटात अन्न टिकत असेल तर एवढं नाही उतरत. बाई, जेवण जातंय का?

बाई : जातं की. राहत नाही. काल दोन घोट पाणी प्याले, तेही उलटून पडलं.

डॉक्टर : काल? कालच्या फॉर्मवर तर तुम्ही एक लिहिलाय.

बाई : मग काय शून्य लिहू? पस्तीस वर्षांत मी कुणाला शून्य दिला नाही. कोरा पेपर ठेवणाऱ्यालासुद्धा स्वतःचं नाव नीट लिहिल्याचा एक मार्क द्यायचे.

सिस्टर : थांबा, थांबा. बाई, अगदी वाईट दिवस गेला तर तुम्ही दहापैकी किती देता?

बाई : एक.

सिस्टर : आणि बरा गेला तर?

बाई : आठ. दहा मी देत नाही, मुलं शेफारतात.

सिस्टर : झालं. डॉक्टर, ती खुर्ची ओढा आणि बसून घ्या.

डॉक्टर : बसायला काय झालंय? बाई, फॉर्मवर खाली स्वच्छ लिहिलंय. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन न होणारा त्रास.

सिस्टर : लिहिलेलं होतं. तेल देणाऱ्या कंपनीचं चिन्ह बसेना, म्हणून तुम्हीच ती ओळ काढायला लावलीत. ‘लोकांना कळतं हो,’ म्हणालात.

बाई : कळलंच की. दहापैकी म्हटलं की मार्क. पेपरात काय फक्त चुका मोजायच्या असतात?

सिस्टर : पण बाई, उलटी थांबायच्या गोळ्या? त्या तर मी घरी पाठवत होते.

बाई : यायच्या. पण नेमक्या बऱ्या दिवशी. मी आठ लिहून फॉर्मचा फोटो इकडे पाठवला की तासाभरात माणूस पुडी घेऊन दारात हजर. वाईट दिवशी कुणी फिरकत नसे. मी म्हटलं, बक्षीस असेल.

डॉक्टर : बक्षीस?

बाई : चांगले मार्क पडले की द्यायचं. पुडीवर लिहिलेलं असायचं, ‘आजच घ्यावी’. मी त्याच दिवशी घ्यायचे, नियम मोडायची सवय नाही. आणि एक मार्कवाल्याला बक्षीस कोण देतं? म्हणून वाईट दिवशी मागितली नाही.

सिस्टर : आकडा चाराच्या वर गेला तरच गोळी पाठवायची, असं ठरलं होतं. पुड्या मी माझ्या हाताने बांधत होते, बाई. तीन आठवडे तुम्ही घरी तळमळत होतात आणि मी तुमचा ‘एक’ बघून खूश. एक फोन केला असता तर एका वाक्यात उलगडा झाला असता.

डॉक्टर : फोन करायचा नाही, हे पद्धतीतच होतं. आवाजात आपुलकी आली की पेशंटला उगाच बरं वाटतं आणि रिझल्ट बिघडतो.

बाई : मग बिघडू द्यायचा होता.

डॉक्टर : ठीक आहे. एका पेशंटचा गोंधळ झाला, एकाने आभाळ कोसळत नाही. तुमचे आकडे बाजूला ठेवतो. एकोणचाळीस उरले.

बाई : एक सांगू का? रागावणार नसाल तर सांगते.

सिस्टर : सांगा. आता रागावून जातात कुठे.

बाई : आम्ही मंगळवारी येणारे अकरा जण. फॉर्म मिळाला तेव्हा सगळे बाहेरच्या बाकावर एकमेकांची तोंडं बघत होते. मला राहवलं नाही. कसे मार्क द्यायचे ते मी समजावून सांगितलं. कोपऱ्यातले आजोबा उलटंच म्हणत होते, दहा म्हणजे जास्त त्रास. त्यांना दोनदा सांगून सरळ केलं.

सिस्टर : तरीच म्हटलं, मंगळवारवाल्यांना तेलाने जादू आणि शुक्रवारवाले ढिम्म.

डॉक्टर : त्याची कारणमीमांसा मी लिहिलीय. मंगळवारी पुसण्यासाठी खिडक्या उघडतात, हवा खेळती राहते आणि सुगंध शरीरात खोलवर जातो. दोन पानं आहेत त्यावर.

सिस्टर : खिडकीवर दोन पानं. आणि बाईंना विचारायला दोन शब्द नव्हते.

डॉक्टर : मंगळवारचे आकडे उलटे करून घेऊ. एकाचे नऊ, आठाचे दोन. तासाभराचं काम आहे.

बाई : मग काय निघेल?

डॉक्टर : मग... मंगळवारवाल्यांची मळमळ तेलाने वाढली, असं निघेल.

बाई : माझ्यापुरतं खरं आहे ते. त्या वासानेच पोटात ढवळायचं. दुसऱ्या आठवड्यात मी रुमाल बंद केला.

डॉक्टर : बंद केला? मग बाटली रिकामी कशी?

बाई : स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी फार कुरकुरायची. रोज थोडं थोडं तिला घातलं. दाराला मी नऊ देईन.

सिस्टर : हसू नये, पण काय करू? डॉक्टर, तेलाशी माझं काही वाकडं नाही. शुक्रवारच्या दोघी म्हणतात, वासाने मन जरा रमतं. रमू दे की. आपण ते गोळीच्या वाटेत आणून ठेवलं, हे वाईट केलं. तो कागद द्या इकडे.

डॉक्टर : अभिप्राय?

सिस्टर : अर्ज आहे हा. ‘महोदय, उरलेले दोन केमोचे डोस घेण्यास मी असमर्थ आहे. तुमच्या तेलाने सर्वांना गुण येतो असे ऐकते. मला येत नाही, तेव्हा दोष माझ्याच शरीराचा असावा. आजपासून उपचार थांबवावेत, ही विनंती.’ खाली सही, तारीख.

डॉक्टर : बाई, असं करू नका. तुमची गाठ निम्मी झालीय. दोनच डोस राहिलेत. आता सोडलंत तर सगळं केलेलं पाण्यात जाईल.

बाई : गाठ निम्मी झाली?

डॉक्टर : मागच्याच तपासणीत दिसलं.

बाई : मला कुणी सांगितलं नाही. दाखवलात तो आलेख मळमळीचा.

सिस्टर : पावणेदहा झाले. दहाला बाईंचा डोस लावायचा आहे. काय ते आत्ता ठरवा, दोघांनीही.

डॉक्टर : सिस्टर, गोळी आणा. डोसाच्या आधी एक. घरी आठवड्याभराच्या द्या, आकडा न विचारता. मंगळवारच्या बाकीच्या दहा जणांना आत्ता फोन करा.

सिस्टर : आवाजात आपुलकी आली तर?

डॉक्टर : येऊ दे. आणि परिषदवाल्यांना कळवा, पहिलं चित्र बदललं. उद्या मी माझी चूक दाखवणार आहे, त्या फॉर्मसकट.

बाई : ते तुमचं तुम्ही बघा. मी अजून हो म्हटलेलं नाही.

डॉक्टर : खरंय, अजून हो म्हटलेलं नाहीत. तुम्हाला दहापैकी... चुकलो. बाई, कसं वाटतंय तुम्हाला?

बाई : भीती वाटते. उलटीचं एक वेळ सोसेन. पण रोज संध्याकाळी तो फॉर्म भरताना वाटायचं, सगळे पास होतायत, मी एकटीच मागे पडलेय. कुणाला सांगायचं? लेकीला सांगितलं तर ती रडते.

डॉक्टर : मला सांगा. पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. सिस्टर, डोस सव्वादहाला लावू, अर्धा तास घेऊ.

बाई : तो अर्ज तुमच्याकडेच राहू दे सध्या. फक्त फाईलला लावू नका.