नावापुरती मालकीन

नायी नायी, पत्ता बरोबर हाय तुमचा. 'कोकिळा मसाले उद्योग' — अन् कोकिळा मीच. रोडवरच्या कारखान्यात गेल्ता ना तुम्ही? तिथल्या पोरायनं घरी पाठवलं असन. बसा. हे माह्ये मालक, उकंडराव. त्यायले लकवा मारून गेला, ऐकू सारं येते, बोलनं तेवढं राह्यलं. तुम्ही विचारा बिनधास्त, त्यायच्यासमोर बोललं तरी चालते — तर काय म्हनत होत्या? जिल्ह्यात नवे धंदे कोन नोंदवून राह्यलं, त्याची पाहनी. अन् त्यात बायांची नावं लय दिसून राह्यली म्हनता. दिसतीनच ना, ताई. आमच्या एका घरात पाहा — मिरची माह्या नावानं, खताचं दुकान जाऊबाईच्या, सुचिताच्या नावानं, अन् मालवाहू गाडी हाय ती सासूबाईच्या नावानं. रुखमाबाई ट्रान्सपोर्ट! त्या बिचाऱ्या यष्टीत बसल्या का मोताळ्याच्या आधीच ओकतात. हसा हसा, मी बी हसली होती. सुचिताले विचारलं एक डाव, का वो, कोनतं खत कपाशीले टाकतात, तर म्हने मले काय मालूम, मी दुकानात पूजेच्या दिवशी गेल्ती.

आता तुम्ही म्हनसान, मंग खरं कोनी नायीच का. हाय ना. स्टँडजवळ धम्मशीलाचं पार्लर हाय, ते तिचं तिनंच काढलं, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून — तिच्याकडं जा, ती सांगन तुमाले धड. मी काय सांगू? नायी, तसं नायी — सुरू मीच केल्लं, हे खोटं नायी. मी अन् शाहीननं. शाहीन म्हनजे मागच्या गल्लीतली, हैदरभाईची बायको. हैदरभाई बाजाराबाजारानं मिरची विकतात, म्हनून तिले मिरचीतलं समजते — मले नुसतं खायचं समजे. यायले लकवा झाला तवा ती रोज संध्याकाळी येऊन बसे, एक दिवस म्हनली, कोकिळाबाई, अशा रडत बसल्या तर दोघं बी जासान, काहीतरी करू. तिच्या भावानं मलकापूरहून एक जुनं कांडप आनून देल्लं, मिरची कुटायची मशीन हो, अन् आमचा गोठा रिकामाच पडला होता. शेन खरडलं, सारवलं, अन् मशीन बसवली. ना फलक, ना कागद. गावाले कसं समजलं? ठसक्यानं समजलं. अख्खी गल्ली शिंकत होती.

काय दिवस होते वो ते. उन्हाळ्यात बायांची रांग लागे, पार पिंपळगाव राजा गावाहून बाया येत, डोक्यावर मिरच्या घेऊन. नंबर येईस्तोवर देठं खुडत बसायच्या अन् बोलायच्या. तुमाले एक सांगू? बाया तिथं रडाले येत. हाव, खरंच. घरी रडलं का चार जन विचारतात काऊन रडतं, अन् तिथं मिरची होती ना — डोळ्यातून पानी आलं तर कोन विचारते? एक नवी सून येई, मुठभर मिरच्या घेऊन, दर आठ दिवसानं. शाहीन तिले नंबर नसतानाच आत घे, कोपऱ्यात बसवे, अन् मशीन जोरात चालू करे. मंग ती पोरगी तोंड धुऊन घरी जाये. असा धंदा होता आमचा. ह्याले तुमच्या कागदात काय म्हनतात ते लिवा.

मंग भाऊजी मधात आले. भागवत — यायचे धाकले भाऊ. मानूस वाईट नायी, ते मी आधीच सांगते. यायच्या दवाखान्यात रात्रंदिवस तेच पळाले, माह्या लेकीले, छकुलीले, नर्सिंगले त्यायनंच घातलं, अकोल्याले हाय ती, सारं तेच पाहतात. एक दिवस दुपारी मी भाकरी थापत होती, माह्ये हात पिठात, अन् ते चुलीजवळ येऊन बसले, म्हने वयनी, तुमच्या मोबाइलवर नंबर आला असन, तो वाचून सांगा. म्या म्हनलं कायचा नंबर? म्हने तुमचा धंदा सरकारात नोंदवून राह्यलो, बाईच्या नावानं सवलत भेटते. मोबाइलले पीठ लागू नोये म्हनून त्यायनंच तो माह्या डोळ्यासमोर धरला. म्या नंबर वाचला. झालं. तव्यावरची भाकरी उलटली बी नव्हती अन् मी उद्योजक झाली. म्या म्हनलं भाऊजी, शाहीनचं नाव? ते म्हने हे एकाच नावावर होते वयनी, तिचं मनात असू द्या. यायच्याकडं पाह्यलं म्या, तर यायनं मान हालवली — हो म्हनून का नायी म्हनून, ते मले आजलोक समजलं नायी. विचारून पाहा, आता बी तशीच हालवतात.

फलक आला, हारतुरे झाले, तालुक्याले महिला दिनाले शाल-नारळ भेटलं. शाहीन गोठ्यासमोर उभी राहून फलक वाचत होती. मराठी वाचता येते तिले, माह्याहून चांगली. म्हनली, छान दिसते वो तुमचं नाव. बस. भांडली असती तर बरं झालं असतं. मंग आज अंग दुखते, उद्या पाहुने येतात, असं करत करत येनं बंद झालं तिचं. मी गेल्ती बलावाले, तिनं चहा पाजला अन् दुसऱ्याच गोष्टी काढल्या.

तिकडं भाऊजीनं रोडवर शेड टाकली, मोठी मशीन आनली, पाकिटं छापली. पाकिटावर माहा फोटो हाय, पाह्यला ना तुम्ही? डोक्यावर पदर, हातात सूप. ते सूप त्या फोटोवाल्याचं होतं. अन् तिथं मले कोनी येऊ नका म्हनलं नायी, पन गेली का पोरं खुर्ची पुसून देत अन् काम थांबवून उभे राहत, जशी मी पाहुनी. बायांची कांडायची मिरची बंद झाली, आता नुस्ता ढाब्यायचा माल. ती नवी सून? कोन जाने कुठं रडते आता.

अन् मंग — नायी, हे सांगू का नको. तुम्ही लिवता का हे? बरं, ऐकून तर घ्या. कारखान्यातलं एक पाकीट घरी फोडलं, यायले वरनात चिमूटभर टाकलं, तर वाटी धुतली तरी लालच. यायची बोटं बी लाल, दोन दिवस. मिरचीचा रंग असा राहत नायी, ताई. म्या भाऊजीले दाखवलं. ते म्हने गिऱ्हाइकाले लालच पाह्यजे वयनी, साधं तिखट दिलं तर शिळं म्हनतात. हसले अन् गेले. मी काय करू? पोलिसात जाऊ? घरातलं घरात राह्यलं, पन सरकारचे तपासनीवाले कारखान्यात येऊन नमुना घेऊन गेले, अन् तो खान्यालायक नायी म्हनून निघाला. कोर्टाचा कागद आला तो कोनाच्या नावानं? हां. ज्याच्या नावानं शाल-नारळ, त्याच्याच नावानं. भाऊजी जेवून हात धुवत होते, म्हने घाबरू नका वयनी, तुमचं नाव तर नावापुरतं हाय. म्या म्हनलं, भाऊजी, जेलात बी नावापुरतंच नेतीन का? तवा ते टावेल घेऊन किती वेळ हातच पुसत राह्यले.

शाहीनले कुठून समजलं माईत नायी. आली, इथंच बसली, तुम्ही बसल्या तिथं. पह्यल्यांदा काय म्हनली असन? म्हनली, अल्ला का शुक्र है, मेरा नाम नहीं आया. अन् म्हनल्याबराबर तिनं स्वताच्या तोंडावर हात ठेवला, अन् अशी रडली, अशी रडली. मिरची बी नव्हती घरात. माहा गुडघा धरून म्हने, मी येते तारखेले तुमच्यासंग, दोघीनं सुरू केल्लं, दोघी उभ्या राहू. म्या नायी म्हनलं. तिचं नाव तवा लिवलं नायी, आता कायले लिवायचं? बरी सुटली बिचारी.

सोमवारी तारीख हाय. वकील म्हनते, सायबासमोर सांगा, चूक माह्या हातून झाली, अडानी बाई हाय मी, माफी द्या — बाई पाहून दंडावर भागन. अन् नायीच भागलं तर? तर पाहू, म्हने. खरं सांगावं तर भाऊजी आत जातात. मंग यायचं औषध कोन आनन? छकुलीचं शेवटचं वर्ष हाय. अन् नायी सांगावं तर — लेक नर्स होऊन येईन अन् लोक म्हनतीन, हिच्या मायनं लोकायले रंग चारला. रात्री यायले विचारलं म्या, काय करू सांगा. डोळ्यातून पानी आलं यायच्या. बाकी मान — ती तशीच.

काय? हाव, विचारा ना, एकच सवाल राह्यला तर विचारून घ्या. धंद्यातले निर्नय कोन घेते... असं लिवलं हाय का त्यात? अन् पुढं खुना कराले जागा — स्वतः, पती, इतर. ताई, तुम्ही शिकल्या-सवरल्या हायेत, तुम्हीच सांगा मी कुठं —

थांबा. गाडी वाजली. भाऊजीच हायेत. ताई, ते रंगाचं जे लिवलं, ते खोडा. खोडा ना, पाया पडते तुमच्या. असं नायी, दिसते अजून, गिचमिड करा — हां.

या भाऊजी. बुलढान्याच्या ताई हायेत, पाहनीवाल्या. — हाव, सांगितलं. — हाव, सारं मीच पाहते म्हनून सांगितलं. — जा ताई तुम्ही आता, तुमची गाडी निघून जाईन.