घोटभर दुधाचं गाणं

शनिवारी सकाळी ठीक आठ वाजता माझ्या तान्ह्या शमुवेलनं दूध घेणं सोडलं, बघा. त्याला मांडीवर घेऊन मी अंगाईच्या चालीवर रडत म्हणत होते, "देवबापा, माह्या लेकराले घोटभर पिऊ दे."

दारात आलेले आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, चाल गोड आहे. उद्या देवळात हेच गाऊ. फक्त 'माह्या लेकराले' काढून 'आम्हा सर्वांना' घाला."

"अन् माहं लेकरू?"

"सर्वांत तेही आलंच ना!"

रविवारी लोकांनी टाळ्या वाजवून ते म्हटलं. शेजारीण विचारते, "मार्था, असं सुचते कसं वो तुले?" शमू मांडीवर डोळे मिटून पडलेला.

आता आमगावच्या देवळातही हे गाणार म्हणतात. कोणी तिकडं जात असाल तर सांगा, टाळ्या नका वाजवू. लेकरानं अजून दूध घेतलं नाही.