दाजींच्या गाडीचा चकचकीत गार्ड

नाव : ओळखपत्रावर आहे ते, पण त्या नावाने मला बायकोसुद्धा हाक मारत नाही, सगळे 'स्टिकर' म्हणतात. वय : एक्केचाळीस. धंदा : मोटारींना शोभेचे आणि सोयीचे सामान बसवणे. राहणार : दुकानाच्याच वर, जिना मागच्या बाजूने.

मी वरील इसम आज रोजी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी आलो आहे, मला कोणी धरून आणलेले नाही, हे सर्वात आधी लिहून घ्यावे अशी विनंती केली, ती साहेबांनी मान्य केली. विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या दुकानात सीट कव्हर, मॅट, हॉर्न, मागे बघायचा कॅमेरा आणि सर्व प्रकारचे स्टिकर बसवून मिळतात. परदेशातून आलेले सामान कोणी घेऊन आला तर मी दोन गोष्टी बघतो. त्यावर आपल्याकडच्या मान्यतेचा शिक्का आहे का, आणि ते गाडीच्या सुरक्षेच्या आड येते का. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. गाडी तपासणीत अडकली की गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडते, म्हणून.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, यांचे सोफ्याचे दुकान आहे. त्यांनी काल अशी तक्रार दिली आहे की परदेशी सामान आणून विकणारा 'कंटेनर' नावाचा दुकानदार याने गाडीच्या तोंडावर लावायचा पोलादी गार्ड म्हणून त्यांच्या गळ्यात प्लास्टिक मारले. त्यामुळे कंटेनर सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे आणि त्याच्या दुकानाला सील ठोकायची भाषा चालू आहे. कंटेनर काही साधू नाही. त्याने मला एकदा आरशांची जोडी म्हणून दोन्ही डाव्याच बाजूचे आरसे दिले होते आणि वर 'चालतंय की' म्हणाला होता. पण ही भानगड त्याची नाही, माझी आहे. त्याने दिलेला गार्ड अस्सल पोलादी होता. मी स्वतः उचलला आहे, कंबर अजून बोलते.

हकीकत अशी की दाजींनी नवी गाडी घेतली आणि तिच्या तोंडावर त्यांना गार्ड हवासा वाटू लागला. कंटेनरकडून तो घेऊन ते थेट माझ्या दुकानात आले. म्हणाले, "अरे स्टिकर, रेडा आडवा आला तरी गाडीला ओरखडा उठणार नाही, बघ." मी म्हणालो, "दाजी, गाडीला नाही उठणार. आत बसलेल्यांचं काय?" मग त्यांना समजावून सांगितले की गाडीचे नाक मुद्दामच चेपेल असे केलेले असते. धक्का किती जोराचा आहे हे कळायची सोयही तिथेच असते आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरते. असला लोखंडी सांगाडा चेसीला आवळला की सगळा हिशेब बिघडू शकतो. शिवाय रस्त्याने चालणाऱ्याच्या पायांचे काय होईल ते वेगळेच. म्हणून नियमात गार्ड बसत नाही आणि माझ्या दुकानातही बसत नाही.

त्यावर दाजी म्हणाले, "तू स्टिकर लाव. लोखंडातलं मला शिकवू नकोस." ताई गाडीतच होती, पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन. ती नेहमी तिथेच बसते.

दाजींनी गार्ड दुसरीकडून बसवून घेतला. मला अन्न गोड लागेना. आईच्या कानावर घातले तर ती म्हणाली, "जावयाला मी काय बोलू? तूच बघ काहीतरी." 'काहीतरी' याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला, याला आई जबाबदार नाही.

त्यानंतरच्या रविवारी ताई आणि दाजी आमच्याकडे जेवायला आले. दाजी जेवून आडवे झाले की उशाशी बँड वाजवला तरी उठत नाहीत. गाडी खाली माझ्या शेडमध्ये होती. मी बोल्ट काढून गार्ड उतरवला. परंतु गाडीचे तोंड मोकळे दिसले असते तर दाजींनी घर डोक्यावर घेतले असते. म्हणून पाण्याच्या प्लास्टिक पाईपचा तसाच सांगाडा मी आदल्या दिवशीच जुळवून ठेवला होता. त्यावर चंदेरी चकचकीत स्टिकर चढवला आणि सांगाडा गाडीच्या पुढच्या जाळीला क्लिपांनी अडकवला.

गाडीची चावी मला कोणी दिली ते आठवत नाही. साहेबांनी पुन्हा विचारल्यावरून सांगतो की पुन्हाही आठवत नाही. एका टोकाला पाईप कोणी धरल्याशिवाय असला स्टिकर सरळ बसत नाही, हे साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. तो कोणी धरला ते आठवत नाही. खुंटीने धरला असेल. थाप मारल्यावर पोकळ आवाज येऊ नये म्हणून पाईपात फोम ठासून भरला. फोम दाजींच्याच दुकानातला होता. तो माझ्यापर्यंत कसा आला, हेही आठवत नाही.

इथपर्यंत ठीक होते. पण काम एवढे झकास उतरले की माझा हात थांबेना. मूळ गार्डावर परदेशी कंपनीचे चिन्ह होते, ते मी स्टिकरमधून जसेच्या तसे कापून मधोमध लावले. त्याची काही गरज नव्हती. कंटेनर आज बाकावर बसला आहे तो त्या चिन्हामुळेच, कारण ते पाहून कोणीही म्हणेल की माल दुकानातूनच खोटा आला. याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. चिन्ह मात्र हुबेहूब जमले होते.

पुढे दोन महिने दाजी रोज सकाळी त्या पाईपला पॉलिश करत होते. त्यांच्या दोन मित्रांनी तर 'अस्साच पाहिजे' म्हणून कंटेनरकडे चौकशीही केली. मला हसू यायचे आणि ताई पुढच्या सीटवर दिसली की बरेही वाटायचे.

काल सकाळी बाजाराच्या वळणावर दाजींची गाडी उभ्या टँकरवर आदळली. निरोप मिळताच मी धावत गेलो. दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या. दाजींचा चष्मा गेला होता आणि नाक सुजले होते. ताईच्या हनुवटीला खरचटले होते, डब्याला पोचा आला होता. ताईच्या बाजूच्या एअरबॅगची पिशवी बाहेर लोंबत होती, ती मी हातात धरून पाहिली. त्यानंतर मी काय केले याचा तपासाशी संबंध नाही. साहेब म्हणतात, सांगा. तर लिहा, तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडलो. दाजी मात्र पाईपचे तुकडे दोन्ही हातांत घेऊन ओरडत होते, "प्लास्टिक! आणि आत फोम! कंटेनरला सोडत नाही!" मी तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. पण एका शब्दाने ताईचे माहेर तुटेल की काय, या भीतीने गप्प बसलो.

खरा गार्ड असता तर एअरबॅग उघडल्या नसत्याच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते तपासणाऱ्यांचे काम. पण मला ते करून बघायचे नव्हते.

खरा गार्ड दुकानाच्या मागे आहे. आई त्यावर पायपुसणी वाळत घालते. तो हजर करायला मी तयार आहे. मान्यता नसलेला माल विकला म्हणून कंटेनरला जे काय बोलायचे ते साहेबांनी बोलावे, पण फसवणूक त्याने केलेली नाही. जे केले ते मी एकट्याने केले.

जबाब एवढाच होता. परंतु साहेब तो वाचून दाखवत असताना ताई आणि दाजी दारात येऊन उभे होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. ताई म्हणाली, "पाईप खुंटीने धरला होता का रे? माझे हात दोन दिवस दुखत होते." तिचे म्हणणे असे की चावी तिने दिली, पाईप तिने धरला आणि फोम तिनेच डब्यात भरून आणला होता. तिच्या आग्रहावरून हे लिहिले आहे. कंटेनर बाकावरून उठून आत आला आणि "चालतंय की" म्हणाला. त्याला पुन्हा बसवण्यात आले.

दाजींनी ताईला विचारले, "मी रोज पॉलिश करत होतो ते तू बघत होतीस?"

ताई म्हणाली, "बघत होते. मस्त चमकत होता."

दाजींनी तिच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे पाहिले आणि ते माझ्याकडे वळले. आता ते मला उभा फाडतील असे वाटून मी साहेबांच्या टेबलाच्या पलीकडे सरकलो. पण ते म्हणाले, "स्टिकर, हिच्या बाजूची एअरबॅग नवीन बसायला किती दिवस लागतील? तोवर मी हिला पुढे बसू देणार नाही."

वरील सर्व मजकूर मोठ्याने वाचण्यात आला, तो मी, ताईने, दाजींनी आणि बाकावरून कंटेनरनेही ऐकला. मी बोललो तसाच तो उतरला आहे व खरा आहे. फक्त जिथे जिथे 'आठवत नाही' असे लिहिले आहे, तिथे तिथे 'ताईने' असे वाचावे.