स्टिकर आधी, नियम मागून

कसले पाच स्टार? त्या कारखानदार शेटचा कूलर करंटचा हावरा हाय! बबन, तू कालच त्याचा कूलर आणलास ना, मग ऐक. उल्हासनगरला मिटिंग व्हती. कूलरला स्टार कसे द्यायचे, ते सरकारी साहेब कारखानदारांना इचारत व्हता. नमुन्याचे कूलर उचलायला मी गेलतो. हा शेट उठून बोलतो, "साहेब, आमचे पाच स्टारचे स्टिकर छापून झालेत. नियम तेवढा त्याला बसवा."

मी तिथंच बोललो, "साहेब, ह्याचा कूलर माझ्या घरी चालू केला की बलब मान टाकतो. ह्याला कसले पाच?"

शेट खेकसला, "तुझा बलबच कमजोर!"

साहेब असा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला.

दात काय काढतोस, बबन? ऊठ, कूलर परत देऊन ये.