आवाज बंद ठेवून

मी मूळची शिवापूरकडची. लग्न होऊन धायरीत आले तवा हितं सगळं रान व्हतं, आन् स्वारगेटला निघालं की आमी पुण्याला चाललो असं म्हणायचो, आता धायरीच पुण्यात हाय. आमचे मालक बुधवार पेठेतल्या एका ब्यांडात क्लॅरोनेट वाजवायचे. शेतकऱ्याचं पोर ब्यांडात, हे सासऱ्यांना पटलंच न्हाई, ते म्हणायचे ती पिपाणी माझ्या उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई. आणणार तरी कुठनं, वाद्यं सगळी ब्यांडमालकाची, वरात झाली की दुकानात ठेवून यायची. तर काय सांगू तुमाला, क्लॅरोनेटवाल्याची बायको मी, पन ह्यांना वाजीवताना कधी ऐकलंच न्हाई.

तुमी म्हणाल सोताच्या लग्नात तरी ऐकलं असंल. नवरदेव कसा वाजीवणार, डोक्याला बाशिंग बांधलेलं. दिरांच्या लग्नात, नणंदांच्या लग्नात सासरे आडवे, म्हणायचे घरच्या माणसानं फेटा बांधून मान घ्यायचा, वाजवायचं न्हाई. गावात एकदाच वाजीवलं, शेजारच्या रखमाकाकूंच्या थोरल्याच्या लग्नात, आन् तवा मी माहेरी, आमच्या लेकीच्या, सोनीच्या वेळच्या बाळंतपणाला. परत आले तर नळावर जी ती तेच बोलती, अगं तुझ्या नवऱ्यानं काय वाजीवलं, म्हातारीकोतारी उठून नाचली. मी हो हो करत हंडा भरला आन् घरी येऊन ह्यांच्यावर रुसले. तर हे हसले, म्हणाले, सोनीच्या लग्नात वाजवीन, तुला म्होरं बसवून, मग कोण आडवं येतंय बघू. पुढं सासरे गेले, पन तवर ह्यांना दम्यानं धरलं, जिना चढवंना तिथं फुंकणार कसं. सोनी कालेजात असताना हे गेले.

सोनीचं जमलं ते पेठेतल्या घरात. पोरगा कंप्युटरमधला, लई चांगला. लग्न त्यांनी नोंदणीनं केलं, रिसेप्शन तेवढं ठरवायचं व्हतं, हॉल कुठला आन् गाणी कसली. विहीणबाई शाळेत बाई व्हत्या, म्हणाल्या, अहो, आपण शहरातलाच हॉल बघू, धायरीला पाहुणे पोचेपर्यंत ह्या दोघांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव येईल. मी म्हटलं, आमची म्हातारी माणसं तिकडं यायची न्हाईत, त्यांनी ह्यांना ऐकलंय, ती माझ्या लेकीच्या मांडवात पायजेत. एवढंच बोलले. विहीणबाईंनी हॉलांची यादी घडी करून पर्समध्ये घातली, म्हणाल्या, ठीक आहे, धायरीतलं लॉनच घेऊ, डासांचं तेवढं बघा.

गाण्यांना पोरांना डीजे पायजे व्हता. मी म्हटलं ह्यांचाच ब्यांड लावा, तर ते दुकान कधीच बंद झालेलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळत्यात. मग सोनीच्याच डोक्यात आलं, रखमाकाकूंकडं त्या लग्नाची क्यासेट असंल. तवा शूटिंग करायचं खूळ नवंनवंच व्हतं. क्यासेट सापडली, सोनीनं ती बुधवार पेठेतनं पेन ड्राइव्हवर करून आणली, आन् आमी दोघी टीव्हीम्होरं बसलो. मी तर पदर सारखा करून बसले. वरात आली, हे दिसले, लाल कोट, गाल फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं नुसती पळत्यात, आन् आवाज सिनेमाच्या गाण्याचा. शूटिंगवाल्यानं खरा आवाज काढून सगळ्या क्यासेटवर सिनेमाची गाणी भरलेली, तवा तीच पद्धत व्हती. सोनीनं मागं नेऊन नेऊन लावलं, पन पुसलेलं कुठनं येणार. हे गेले त्या दिवशी रडले न्हवते एवढी मी त्या दिवशी रडले.

सोनी म्हणाली, आई, तरीपण आपण हे लॉनच्या मोठ्या पडद्यावर लावू. डीजेवाला म्हणाला, मावशी, मागं झकास म्युझिक टाकतो. मी म्हटलं, त्यांच्यावर आता आनिक कुणाचं गाणं नको बाबा, आवाज बंद ठेवून लाव.

तसंच लावलं. डीजे थांबला तर शहरातले पाहुणे माना वळवून बघायला लागले, साऊंड गेला का म्हणून, विहीणबाईंनी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप केलं. आन् आमची धायरीची म्हातारी माणसं, खुर्च्यांवर बसल्या जागी त्यांच्या माना डोलायला लागल्या. रखमाकाकू माझ्या शेजारी, माझा हात मांडीवर धरलेला, त्याच्यावर बोटांनी ताल देत्यात, मला म्हणाल्या, ऐक की गं, काय गोड वाजीवतोय. मी म्हटलं, हो काकू. त्या सगळ्यांना ऐकू येत व्हतं, मलाच तेवढं न्हाई.

आता सोनी पेठेत नांदती, विहीणबाईंचं न् तिचं बरं जमतं. जावई घरूनच काम करतो आन् दिवसभर गुणगुणतो, ते बी बेसूर. सोनी फोनवर कुरकुर करती, आई, डोकं उठवलंय ह्यानं. मी म्हणते, ऐकून घे बाई. देवानं दोघांना सुखात ठेवावं, त्यानं असंच बेसूर गात ऱ्हावं आन् हिचं डोकं म्हातारपणापतूर उठत ऱ्हावं.